कान आतला, नकार बाहेरचा

कोल्हापुरातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. मुलगी सव्वादोन वर्षांची. कुकरच्या शिट्टीनं दचकत नाही, पाठीमागून हाक मारली तर वळत नाही, हे ती दीड वर्षाची असताना लक्षात आलं. बेरा या ऐकण्याच्या तपासणीत दोन्ही कानांना अतितीव्र बहिरेपणा निघाला. चार महिने श्रवणयंत्रं लावून पाहिली, उपयोग झाला नाही. डॉक्टरांनी कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायचं यंत्र, सांगितलं आणि एका कानाचा साडेआठ लाखांचा अंदाज दिला. यजमान फौंड्रीत सुपरवायझर आहेत, कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत कुटुंबाला पाच लाखांचा विमा आहे. हॉस्पिटलनं कॅशलेससाठी कागद पाठवले तर दोन ओळींचा नकार आला: ‘जन्मजात बाह्य व्यंग असल्याने, तसेच कॉक्लिअर इम्प्लांट हे श्रवणयंत्र असल्याने खर्च देय नाही.’ यजमान म्हणतात, आधी विमा कंपनीला कोर्टात खेचू, पैसे मिळाले की ऑपरेशन. ओळखीचा एजंट म्हणतो, मुलगी जिन्यावरून पडली असं लिहून आणा, पास करून देतो. सासूबाई, ज्या ताईंच्या सख्ख्या आत्याच आहेत, म्हणतात की आमच्या घरात सगळेच उशिरा बोलतात, चार वर्षं थांबा. आणि रागावल्या की म्हणतात, हे तुझ्याकडूनच आलंय. ताई विचारतात, ‘लेकीसाठी एकदा खोटं लिहिलं तर काय बिघडेल?’

*

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. पाप-पुण्याचं राहू दे बाजूला. ते खोटं टिकणारच नाही. पहिल्या दिवशीच्या केसपेपरवर तुम्ही स्वतः सांगितलेलं लिहिलेलं आहे की मूल आवाजाला पहिल्यापासून दाद देत नाही. बेराच्या रिपोर्टवर तारीख आहे, श्रवणयंत्रांच्या पावत्यांवर तारखा आहेत. पडून कान गेला असता तर कानामागच्या हाडाच्या सीटी स्कॅनमध्ये सहसा त्याची खूण सापडते. तुमच्या मुलीच्या स्कॅनमध्ये ती कुठून येणार? विमा कंपनीचा तपासनीस घरी आला की शेजारच्या काकूंनाही विचारतो. खोटं उघडं पडलं की क्लेम तर जातोच, यजमानांची नोकरीही अडचणीत येते. शिवाय ऑपरेशन करणारे डॉक्टर कागद वाचूनच कानात शिरतात. मार लागून गेलेला कान आणि जन्मतः न ऐकणारा कान, दोन्हींचा विचार ते वेगळा करतात. त्यांच्या हातात चुकीची गोष्ट द्यायची का?

पण त्या एजंटच्या बोलण्यात एक कामाची खूण आहे. ‘पडली असं दाखवा’ हेच त्याला का सुचलं? बऱ्याच पॉलिसींमध्ये वगळलेल्या खर्चांच्या यादीत चष्मा, श्रवणयंत्र यांच्या शेजारी कॉक्लिअर इम्प्लांटचं नाव सरळ लिहिलेलं असतं, आणि पुढे बारीक अक्षरात ‘अपघातामुळे गरज पडल्याखेरीज’ अशी सवलत असते. म्हणजे एजंटनं बहुधा तुमची पॉलिसी वाचली आहे. तुम्ही वाचलेली नाही. तुमच्याकडे आहे ते ई-कार्ड. ग्रुप विम्यात पॉलिसीधारक तुमची कंपनी असते, त्यामुळे मूळ पॉलिसी एचआरच्या कपाटात पडून असते. ती मागायचा यजमानांना हक्क आहे. ‘वर्डिंगसकट पूर्ण पॉलिसी आणि चालू वर्षाचं शेड्यूल हवं’ असं ईमेलवर मागा, तोंडी नको. ती हातात येईपर्यंत कोर्टाची भाषा कुणी करू नका, कारण कशाविरुद्ध भांडायचं हेच अजून आपल्याला माहीत नाही.

दुसरं, तुम्ही लिहिलंय ‘क्लेम रिजेक्ट झाला’. तसं झालेलं नाही. कॅशलेस नाकारलंय. हॉस्पिटलनं पाठवलेली पूर्वपरवानगी नाही मिळाली, एवढाच त्याचा अर्थ. आपण पैसे भरून ऑपरेशन केलं आणि नंतर बिलं लावून परतफेड मागितली, तर तो रीतसर क्लेम, आणि त्यावरचा निर्णय वेगळा. पुष्कळ घरांत पहिल्या कागदालाच निकाल समजून फाइल माळ्यावर जाते. माझ्याच मोतीबिंदूच्या वेळी मी ती आठ महिने माळ्यावर ठेवली होती, म्हणून हे इतकं ठासून सांगते आहे.

आता त्या दोन ओळी. ‘जन्मजात बाह्य व्यंग’ हे शब्द विमा कंपनीनं हवे तसे वापरायचे नसतात, विमा नियामकानं म्हणजे आयआरडीएआयनं त्यांची व्याख्या करून ठेवली आहे. शरीराच्या दिसणाऱ्या आणि हात पोचणाऱ्या भागात असेल ते बाह्य, तसं नसेल ते आंतरिक. तुमच्या मुलीच्या कानाची पाळी नीट आहे, भोक नीट आहे. दोष आहे तो कॉक्लिआत, म्हणजे कानामागच्या कवटीच्या हाडात दडलेल्या, वाटाण्याएवढ्या, गोगलगायीच्या शंखासारख्या अवयवात. तो दिसत नाही, तिथं हात पोचत नाही, पोचायला ड्रिलनं हाड कोरावं लागतं. याला बाह्य म्हणणं म्हणजे व्याख्या न वाचताच शिक्का मारणं. आणि नियामकाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आंतरिक जन्मजात आजार सरसकट वगळता येत नाहीत. म्हणून पहिलं कारण मला पोकळ वाटतं.

दुसरं कारण तेवढं पोकळ नाही, आणि तुम्हाला खोटा धीर द्यायला मी बसलेली नाही. श्रवणयंत्र आवाज मोठा करून त्याच कानात सोडतं. इम्प्लांट खराब झालेल्या पेशींना वळसा घालतं आणि कॉक्लिआत सरकवलेल्या इलेक्ट्रोडमधून ऐकण्याच्या नसेला थेट विजेचे संकेत देतं. त्यासाठी पूर्ण भूल लागते, दवाखान्यात राहावं लागतं. त्यामुळे दोन्ही एकच म्हणणं चूक. पण इम्प्लांटचे दोन भाग असतात, एक त्वचेखाली बसवलेला आणि दुसरा कानामागे लावायचा, रात्री काढून ठेवायचा प्रोसेसर. हा बाहेरचा भाग पाहून कंपनी म्हणते, हे उपकरण आहे. म्हणून हॉस्पिटलकडून एकगठ्ठा अंदाजपत्रक घेऊ नका. शस्त्रक्रिया, भूल, खोली, आतलं इम्प्लांट आणि बाहेरचा प्रोसेसर, प्रत्येकाची रक्कम वेगळी लिहून घ्या. म्हणजे प्रोसेसरवरून वाद झाला तरी बाकीच्या रकमेवर तुमचा दावा उभा राहतो. सगळं एका आकड्यात असेल तर सगळंच एका शेऱ्यात जातं. डॉक्टरांकडून एक पत्रही हवं: दोष आतल्या कानात आहे, श्रवणयंत्राचा उपयोग झालेला नाही, आणि शस्त्रक्रिया वैद्यकीयदृष्ट्या गरजेची आहे. याच तीन गोष्टी, याच क्रमानं.

आणि पॉलिसीत इम्प्लांटचं नाव घेऊनच वगळलेलं निघालं तर? मग वरचा सगळा युक्तिवाद लंगडा पडतो. अशा वेळी मी वर्ष घालवणार नाही. कंपनीच्या मालकांकडे जाईन. काही ग्रुप पॉलिसींत ‘कॉर्पोरेट बफर’ नावाची राखीव रक्कम असते, ती कशासाठी वापरता येते हे करारात लिहिलेलं असतं आणि एचआरनं शिफारस केल्याशिवाय ती हलत नाही. पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी ही अट काढून घेता येते का, हेही मालकच विचारू शकतात. शंभर-दोनशे कामगारांचा हप्ता भरणाऱ्याचं ऐकलं जातं. तोवर यजमानांचा नोकरी बदलायचा विचार असेल तर जरा दमानं घ्या, नोकरी सुटली की ग्रुप विमाही सुटतो.

इम्प्लांटचं नाव यादीत नसेल तर मात्र लढा, आणि पायरी न चुकवता. पहिलं पत्र विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. टीपीएला पाठवून थांबू नका, टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेमचे कागद हाताळणारा मधला माणूस. पत्रात तावातावानं काही लिहू नका. दोनच गोष्टी विचारा: पॉलिसीच्या कोणत्या कलमाच्या आधारे नकार दिला, त्याचा क्रमांक कळवा, आणि क्लेम नाकारण्यापूर्वी तो क्लेम रिव्ह्यू कमिटीपुढे गेला होता का. नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानं ही कमिटी बंधनकारक केली आहे आणि नकारात पॉलिसीच्या नेमक्या अटीचा उल्लेख हवा असंही म्हटलं आहे. कॅशलेसचा नकार असेल तर कंपनी म्हणेल की अजून क्लेमच झाला नाही. म्हणू दे, तेही लेखी घ्या, पुढे उपयोगी पडतं. याच वेळी नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा.

महिन्याभरात उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपाल. कोल्हापूर पुण्याच्या लोकपालांकडे येतं. पैसे लागत नाहीत, वकील लावायचाच नसतो, ग्रुप पॉलिसीच्या तक्रारीही चालतात, पन्नास लाखांपर्यंतचे वाद घेतले जातात आणि सुनावणी व्हिडिओवरही होऊ शकते, म्हणजे दर वेळी स्वारगेटला उतरायला नको. अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत जायचं, ही मुदत विसरू नका. लोकपालांचा निवाडा विमा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. नाही पटला तर जिल्हा ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे, तिथं दोन वर्षांची मुदत आहे. उलटं मात्र चालत नाही. आधीच ग्राहक आयोगात केस टाकलीत तर लोकपाल तक्रार घेत नाहीत. यजमानांना ‘कोर्टात खेचू’ची घाई आहे म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आणि आता त्यांच्याशीच बोलायचं आहे, तेव्हा हा परिच्छेद त्यांना वाचायला द्या. भाऊ, तुमचा राग बरोबर आहे. पण ‘आधी पैसे, मग ऑपरेशन’ यात तुम्ही दोन वेगळी घड्याळं एका खिळ्याला टांगली आहेत. क्लेमच्या घड्याळाला वर्ष-दोन वर्षं चालतं. बोलीच्या घड्याळाला चालत नाही. मूल पहिल्या काही वर्षांत ऐकून ऐकून भाषा शिकतं, मेंदूचा ऐकण्याचा भाग त्याच काळात घडतो. तुमची मुलगी सव्वादोन वर्षांची आहे आणि तिनं अजून ‘बाबा’ हा शब्द एकदाही ऐकलेला नाही. लवकर इम्प्लांट झालेल्या मुलांची बोली जास्त चांगली येते, यावर डॉक्टर आणि थेरपिस्ट यांच्यात दुमत नाही. ऑपरेशननंतरही क्लेम मागता येतो. त्यासाठी दाखल होण्याआधी विमा कंपनीला लेखी कळवायचं, मूळ बिलं आणि इम्प्लांटच्या बॉक्सवरचं स्टिकर जपायचं, आणि पॉलिसीत दिलेल्या दिवसांत सगळं सादर करायचं. भांडण तेव्हाही तितकंच जोरात करता येईल. माझ्या मनात मी एक रेघ ओढली आहे ती तिच्या तिसऱ्या वाढदिवसाची.

मग पैसे कुठून? ताई, तुमच्या पत्रात सोनं आणि पतसंस्था या दोनच गोष्टी आहेत. सरकारी वाटेचा उल्लेखच नाही, आणि मला वाटतं, ती वाट आपल्यासारख्यांसाठी नसते असं तुम्ही गृहीत धरलंय. दिव्यांगांना साधनं पुरवणाऱ्या केंद्र सरकारच्या एडीआयपी योजनेत लहान मुलांचं कॉक्लिअर इम्प्लांट होतं. तिचं काम मुंबईला वांद्र्यातली अली यावर जंग संस्था पाहते. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी वयाची अट एक ते पाच वर्षं आहे, म्हणजे सासूबाईंचं ऐकून चार वर्षं थांबलात तर ही वाट बंदच होईल. उत्पन्नाची मर्यादा आहे. तुमचा पगार पत्रात नाही, म्हणून तुम्ही बसता की नाही हे मी सांगू शकत नाही, पण अर्ज करून पाहायला काही जात नाही. त्याआधी लागतो तो दिव्यांगत्वाचा दाखला. तो सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात मिळतो, दाखल्यासाठीच्या सरकारी स्वावलंबन पोर्टलवर नोंद करून जा. तिथंच राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या लोकांनाही भेटा. अंगणवाडीत तपासणीला येणारं पथक तेच, आणि जन्मजात बहिरेपणा त्यांच्या यादीत आहे. मुख्यमंत्री सहायता निधीच्या आजारांच्या यादीतही कॉक्लिअर इम्प्लांट आहे, वय दोन ते सहा. पूर्ण खर्च त्यातून निघत नाही, पण सोन्याच्या दोन बांगड्या वाचतील.

(कुणीतरी ‘निरामय’ विमा काढा म्हणून सांगेल. तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्वासाठी आहे. फक्त बहिरेपणासाठी तो मिळत नाही, तिथं हेलपाटे घालू नका. आणि फौंड्रीतल्या ज्यांचा पगार एकवीस हजारांच्या आत आहे आणि ईएसआयसी म्हणजे कामगार विम्याची वर्गणी कापली जाते, त्यांनी आधी तिथं विचारावं.)

सरकारी वाटेत मॉडेल आपल्या पसंतीचं मिळत नाही आणि नंबर लागेपर्यंत थांबावं लागतं. दिखाऊ मॉडेलसाठी कर्ज काढण्याची मात्र गरज नाही. मी खर्चाचा विचार करताना एक वेगळाच प्रश्न विचारीन: ऑपरेशननंतर काय? तीन-चार आठवड्यांनी यंत्र सुरू करतात, मग मॅपिंग म्हणजे त्याची जुळवणी पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि वर्ष-दोन वर्षं स्पीच थेरपी. हॉस्पिटल पुण्याचं असेल तर प्रत्येक मॅपिंगला जाता-येता साडेचारशे किलोमीटर. आठवड्याची थेरपी कोल्हापुरात कोण देणार, हे नाव ऑपरेशनची तारीख ठरवण्याआधी कागदावर हवं. बॅटरी, केबल, कॉइल यांचा खर्च दरवर्षी असतो, काही वर्षांनी प्रोसेसर बदलावा लागतो. तालीम मंडळातली पोरं वर्गणी काढायला तयार आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्यांना सांगा, ऑपरेशनसाठी एकदम नको, थेरपीसाठी दर महिन्याला द्या. आपल्याकडं माणसं ऑपरेशनला पैसे देतात, वायरला देत नाहीत.

‘ऑपरेशन झालं की ती नॉर्मल होईल ना?’ असंही तुम्ही विचारलंय. बटण दाबलं आणि ऐकू आलं असं होत नाही. तिला आवाज कळेल, पण आवाजाचा अर्थ शिकावा लागेल, आणि यंत्र काढलं की ती पुन्हा न ऐकणारीच असेल. म्हणून आत्तापासून तिच्याशी समोर बसून, तोंडाकडे पाहू देत, हातांनी खुणा करत बोला. खुणांनी बोली मागे पडेल या भीतीपोटी तिला आणखी सहा महिने गप्प ठेवू नका. तहान लागली हे सांगता येणं हा तिचा हक्क आहे, कोणत्याही भाषेत.

राहिल्या सासूबाई. त्यांचे दोन मुद्दे वेगळे करू. ‘उशिरा बोलतात’ हे खरं असेलही, पण बेराच्या तपासणीत बोलण्याचा संबंधच नसतो, झोपलेल्या मुलाच्या डोक्याला तारा लावून आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते मोजतात. ते घराण्याच्या सवयीनं बदलत नाही. आणि ‘तुझ्याकडून आलं’? आपल्याकडं मामाची मुलगी करायची रीत आहे, तुमचंही तसंच झालं. जन्मजात बहिरेपणाचे बरेच आनुवंशिक प्रकार असे असतात की त्यासाठी आई आणि बाप दोघांकडूनही तोच दोष यावा लागतो, एकाकडून येऊन भागत नाही. तुमच्या मुलीचं कारण तेच आहे की नाही हे जनुकीय तपासणीशिवाय सांगता येणार नाही. नात्याबाहेरच्या लग्नांतही अशी मुलं जन्मतात. पण समजा तेच निघालं, तर तुमच्याकडचा वाटा तुमच्या वडिलांकडून आणि यजमानांकडचा त्यांच्या आईकडून येण्याचीच शक्यता जास्त. ती दोघं बहीण-भाऊ. तुमचं माहेर आणि आत्यांचं माहेर एकच आहे हो. हे त्यांना भांडणात ऐकवू नका. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तेव्हा जनुकीय सल्लागाराकडे त्यांनाही सोबत न्या, डॉक्टरांनी सांगितलेलं सुनेनं सांगितल्यासारखं लागत नाही.

ज्यांची स्वतःची, वैयक्तिक पॉलिसी आहे त्या वाचकांसाठी एवढंच: नव्यानं विमा काढताना ऐकण्याचा त्रास आधीपासून असेल तर लपवू नका, पण मिळालेल्या कागदावर काय सही करता ते वाचा. बहिरेपणा हा विमा कंपनीला तुमच्या संमतीनं कायमचा वगळता येणाऱ्या आजारांच्या यादीत आहे. तशी सही केलेली नसेल तर आधीच्या आजारांची थांबण्याची मुदत आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, पूर्वी चार होती.

ताई, या आठवड्यात एवढंच करा: यजमानांनी पॉलिसी मागणारा ईमेल पाठवायचा, तुम्ही सीपीआरला दाखल्यासाठी जायचं. पुढच्या आठवड्यात पॉलिसी आली की वगळलेल्या खर्चांचं पान उघडा आणि त्यात ‘कॉक्लिअर’ शब्द आहे का तेवढं मला कळवा. मुंबईला जायचं ठरलं तर महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट काढण्याआधी संस्थेत फोन करून कोणते कागद लागतात ते विचारून घ्या, एका उत्पन्नाच्या दाखल्यासाठी लोक परत आलेले आहेत. आणि तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा, न्यूमोकोकलची लस पूर्ण झाली आहे का. इम्प्लांट झालेल्या मुलांना मेंदूज्वराचा धोका थोडा जास्त असतो, म्हणून ती ऑपरेशनच्या निदान दोन आठवडे आधी झालेली हवी. लसीचं कार्ड फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा.